नंदा आता त्याला सोडणार

इंटरनेटवर एक चित्रकथा कित्येक वर्षं चालू आहे. नंदा आणि शेखर या नवरा-बायकोचा साधासुधा संसार: भाजी, बिघडलेला गिझर, रुसवेफुगवे. माझी बायको सुषमा त्या कथेच्या इतर वाचकांशी रोज फोनवर त्याबद्दल बोलते. काल मी शेजारीच पेपर वाचत होतो.

"नंदा आता त्याला सोडणार," ती म्हणाली.

स्पीकरवरून एक मुलगी म्हणाली, "पण ताई, हल्ली ते भांडतही नाहीत!"

"तेच तर. तिनं सांगणंच सोडून दिलंय गं."

चित्रातल्या माणसांचं दुःख किती मोकळेपणी बोलता येतं! आमचं शेवटचं भांडण कधी झालं, मी आठवू लागलो. आठवेना.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"नको," ती शांतपणे म्हणाली.