अध्यक्षांचा आठवा संगणक

क्लबातल्या कारकुनाला सगळे ‘पुन्हाभाऊ’ म्हणत. कुठलंही काम हातावेगळं झालं की तो म्हणायचा, “पुन्हा एकदा बघतो.” सकाळी तो निघाला की बायको दारातच सांगून टाकायची, “गॅस बंद केलाय. केलाय हे मी बघितलंय. निघा आता.” तरी तो आत जाऊन यायचाच.

टेबल टेनिसच्या स्पर्धेत आठ टेबलं होती आणि यंदा प्रत्येक टेबलाशी गुण मोजायला एक संगणक. हे काम अर्थातच पुन्हाभाऊच्या गळ्यात पडलं. क्लबाचे सात जुने संगणक त्याने हॉलच्या भिंतीशी ओळीने मांडले, एकाच पेन ड्राइव्हवरून सगळ्यांत एकच प्रोग्रॅम घातला, आणि कधीच न झालेली एक मॅच सातही संगणकांवर गुणागणिक भरून पाहिली. तिसऱ्या संगणकाने मध्येच सर्व्हिस भलत्यालाच दिली. पुन्हाभाऊने त्यातला प्रोग्रॅम पुसून नव्याने घातला आणि सातही मॅच पहिल्यापासून सुरू केल्या. यात दोन दिवस गेले. कार्यकारिणीची मंडळी अधूनमधून डोकावून जात. त्यांना काळजी एवढीच, की सातही पडद्यांवर अध्यक्षांचा फोटो एकाच मापाचा आहे ना.

आठवा संगणक उद्घाटनाच्या दिवशी आला. तो अध्यक्षांचा स्वतःचा नवाकोरा लॅपटॉप, मधल्या टेबलासाठी. त्या टेबलावर फक्त अंतिम सामना व्हायचा होता. पुन्हाभाऊने पडद्याचा कोपरा पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला. बाकी सातांवर प्रोग्रॅमची पाचवी आवृत्ती होती, इथे दुसरी; गेम एकवीस गुणांचा असायचा त्या काळातली.

“साहेब, गेम आता अकराचा असतो. पाच मिनिटं द्या, बाकीच्यांसारखा करून देतो.”

“बाकीच्यांसारखा?” अध्यक्ष म्हणाले. “त्या डबड्यांसारखा? हात लावू नका. जावईबापूंनी स्वतः बसवून दिलंय सगळं.”

सचिवांनी पुन्हाभाऊला बाजूला घेतलं. “कशाला उगाच? दोन्हीकडे आकडेच दिसणार ना?”

अंतिम सामना पोस्टमनची मुलगी आणि दातांच्या डॉक्टरांची मुलगी यांच्यात झाला. पहिल्या गेममध्ये अकरा-आठ झाले तशी पोस्टमनची मुलगी बॅट ठेवून पाणी प्यायला गेली. पडदा मात्र ढिम्म. पंचांनी पडद्याकडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे.

अध्यक्षांनी माइक घेतला. “गेम संपला की संगणक सांगेल. खेळ चालू ठेवा.”

पंचांनी मुलीला परत बोलावलं. गेम रखडत रखडत एकवीसवर गेला आणि डॉक्टरांची मुलगी एकवीस-एकोणीसने जिंकली. पोस्टमन उभा राहिला. “माझी मुलगी मघाशीच जिंकली होती. एवढं तर मलाही कळतं.”

गलका सुरू झाला. पुन्हाभाऊने तिसऱ्या टेबलावरचा संगणक वायरींसकट उचलून आणला, लॅपटॉपच्या शेजारी ठेवला आणि पंचांच्या कागदावरून एकेक गुण भरला. अकरा-आठला पडद्यावर ‘गेम समाप्त’ उमटलं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि मग हसू आवरेना. गेम पोस्टमनच्या मुलीला मिळाला. पुढचे दोन तिने सरळ जिंकले.

आठवड्याने पुन्हाभाऊच्या हातात नोटीस पडली : आठपैकी सात संगणक अध्यक्षांच्या संगणकाशी जुळत नव्हते, तरी खुलासा करावा. त्याने लिहिलं, “सातही तसे केले असते, तर स्पर्धा अजून चालू असती.” बायको म्हणाली, “एवढं वाक्य काढा.” त्याने काढलं नाही. दुसरं वाक्य नव्हतंच.

खुलासा फायलीत गेला. पुढच्या वर्षी क्लबाने अध्यक्षांच्यासारखे आठ लॅपटॉप घेतले. जावईबापूंनी आठही लॅपटॉपवर एकवीसचा गेम बसवला. पुन्हाभाऊने एका दुपारी हॉलचं दार लावून घेतलं आणि आठही अकरावर आणले. स्पर्धा सुरळीत पार पडली. अध्यक्षांनी भाषणात जावयाचे आभार मानले आणि पोस्टमनच्या शेजारी बसलेल्या पुन्हाभाऊनेही टाळ्या वाजवल्या.