ज्या फोटोत माणूस धूर झाला

संक्रांत होऊन गेली होती आणि मिलिंद सरांच्या जुन्या गाडीला नवी बॅटरी बसली होती. एवढ्या दोन कारणांवर आमचं जांब समर्थला जायचं ठरलं. मिलिंद सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, मी जालन्याला एका कार्यालयात लिपिक. दोघंही राहायला बदनापूरला आणि दोघांनाही गळाने मासे धरायचा नाद. मला त्यातूनच कॅमेऱ्याचा दुसरा नाद लागला. मासा लागेपर्यंत तासन्‌तास पाण्याकडंच बघत बसायचं असेल, तर त्यातलं थोडं पाणी घरी का नेऊ नये, असं एके दिवशी वाटलं.

मी फक्त काळे-पांढरे फोटो काढतो. आपल्याकडचं ऊन नऊ वाजताच रंग करपवून टाकतं. काळ्या-पांढऱ्यात मात्र बाभूळ बाभळीसारखीच दिसते आणि दगड दगडासारखा. माझी पद्धतही गळवाल्याचीच आहे. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायचा, भिंगापुढं गडद काळी काच लावायची आणि शटरचा पडदा तीन-चार मिनिटं उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात पाण्याच्या लाटा मिटून दूध होतं, हलणाऱ्या गवताचा धूर होतो. चालत गेलेली म्हैस तर उमटतच नाही. जे थांबतं तेवढंच फोटोत राहतं. मिलिंद सर माझ्याशेजारी इतकी वर्षं बसतात, पण त्यांचा असा एकही धड फोटो नाही. कधी मान खाजवतात, कधी आमिष बदलतात, आणि फोटोत धोतराएवढा धूर तेवढा येतो. ते म्हणतात, "दत्ताभाऊ, तुमच्या कॅमेऱ्यात मी मेल्यावरच नीट येईन." या वाक्यावर आम्ही वर्षानुवर्षं हसत आलो. आता हसत नाही.

दिवस उगवायच्या बऱ्याच आधी निघालो. जालना, अंबड, घनसावंगी असा रस्ता. अंबडपर्यंत चांगला आहे, पुढं उसाचे ट्रॅक्टर फार. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या आणि मागं दिवा नसलेला ट्रॅक्टर धुक्यात अचानक समोर येतो, त्यामुळं हिवाळ्यात जाणाऱ्यांनी घाई करू नये. अंबडच्या पुढं एका टपरीवर कडक चहा आणि गरम भजी मिळाली. दोघांचं मिळून पन्नासच्या आसपास झालं.

जांबला पोचलो तेव्हा राममंदिरात तीन-चारच माणसं होती. फरशी इतकी गार की पाय बधिर झाले. मी लहानपणी आमच्या गावच्या शाळेतून इथं सहलीला आल्तो. तेव्हा गुरुजींनी रांगेत बसवून मनातल्या मनात रामनाम घ्यायला लावलं होतं. तेव्हापासून इथं आलो की बोलावंसं वाटत नाही, नुसतं बसावंसं वाटतं. बसलो. मिलिंद सर बौद्ध. ते दरवेळी बाहेर चहाच्या दुकानात माझी वाट बघतात आणि बाहेर आलो की तोच प्रश्न विचारतात.

"झालं का बोलून? मंग आज किती किलोचा लागंल, ते विचारलं का?"

"तुमच्यासाठी विचारलं. न्हाई म्हणाला."

चहावाला हसला. त्याला माझा नेमही माहीत आहे: ज्या दिवशी दर्शन घेतलं त्या दिवशी मी गळ टाकत नाही. त्या दिवशी फक्त कॅमेरा. तो सरांना म्हणाला की यांचं पुण्य आणि तुमचं कालवण, बराबर वाटणी आहे.

तिथून दक्षिणेला गेलं की गोदावरीच्या बंधाऱ्यांमागं साचलेलं पाणी लागतं. आम्ही जातो ती जागा एका ओढ्याच्या मुखाशी आहे. नदीचं पाणी ओढ्यात शिरून लांब जिभेसारखं आत आलेलं असतं. समोरचा काठ हाकेच्या अंतरावर, पण तिकडं जायचं तर ओढ्याला वळसा घालून चिखलातून जावं लागतं. गाडी मोसंबीच्या बागेपाशी लावावी आणि पुढं पायी जावं. पाण्यावर मासेमारीचा ठेका असतो, तेव्हा गळ टाकण्याआधी काठावरच्या माणसांना विचारून घ्यावं.

पाण्यावर धुकं होतं. समोरच्या काठावर वाकडी बाभूळ आणि तिच्याखाली एक म्हातारा गळवाला, अंगात पांढरा सदरा आणि डोक्याला मफलर. सरांचा एक कडक नियम आहे: पाण्याकाठी समोरच्याला हाक मारायची नाही, हातही करायचा नाही. मासा बिचकतो आणि माणसाचं ध्यान मोडतं. म्हणून रामराम न करताच आम्ही आमच्या जागी बसलो. सरांनी कणकेची गोळी लावून गळ टाकला आणि मी तिकाटणं रोवलं.

पहिला फोटो वाया गेला. पडदा उघडा असतानाच तो म्हातारा उठून उभा राहिला, दोनदा दोरी फेकली, पुन्हा बसला. फोटोत बाभळीखाली नुसता धुराचा खांब. मी चरफडलो. एरवी असे फोटो मी तिथंच पुसून टाकतो. पण बोटं गारठली होती, हातमोजा काढायचा कंटाळा केला आणि तो तसाच राहिला.

मग धुकं दाट झालं, समोरचं काही दिसेना. ते विरलं तेव्हा मी पुन्हा कॅमेरा लावला आणि फोटो काढला. पाणी दुधासारखं, त्यावर बाभळीची काळी फांदी आणि खाली तो म्हातारा, दगडात कोरल्यासारखा. जराही धूर नाही. मी आणखी एक काढला. तोही तसाच. आणखी एक. तोही.

मी हळूच सरांना दाखवलं. ते म्हणाले, "याला म्हणत्यात बैठक. आपण नुसतेच काठावर बसून राह्यलो."

मला तर हेवा वाटला. सकाळी मी मंदिरात डोळे मिटून बसलो होतो, तर दर दोन मिनिटांनी मन घरच्या गॅस सिलिंडरवर जात होतं. हा माणूस कसलाही आव न आणता, नुसत्या गळाच्या काठीपाशी ध्यान लावून बसला होता. त्या पाऊण-एक तासात मी त्याचे सात-आठ फोटो काढले असतील. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आज मिळाला म्हणून मी मनात रामाचे आभारही मानले.

शेवटच्या फोटोनंतर मी कॅमेरा तिकाटण्यावरून काढून गळ्यात अडकवला आणि तो फोटो मागच्या स्क्रीनवर मोठा करून बघितला. सदऱ्याची बाही वाऱ्यानं हलून धूसर झाली होती. मफलरचं टोकही. गळाच्या काठीच्या शेंड्याला तर पिसासारखा धूर होता. आणि या सगळ्याच्या मधोमध चेहरा स्वच्छ. नाकाची रेघसुद्धा दिसत होती.

सर इतक्या वर्षांत एकदाही जे करू शकले नाहीत, ते कुठलाही जिवंत माणूस इतक्यांदा कसं करील?

मी सरांचा दंड धरला. फोटोतल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. त्यांनी फोटो बघितला नाही, ते सरळ समोर बघत राहिले. मग त्यांचा आवाज बदलला.

"काठी बघा. मासा लागलाय त्याला. मघापासून ओढून राह्यलाय." ते उभे राहिले. "उचलत का न्हाई तो?"

गळवाल्याच्या काठीला मासा लागावा आणि त्यानं ती उचलू नये, हे सरांनी कधी पाहिलं नव्हतं. स्वतःचा नियम मोडून त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि जीव खाऊन हाक मारली. पाण्यावरून ती परत आली. म्हातारा हलला नाही.

आम्ही वळसा घालून पळालो. चिखलात माझी एक चप्पल गेली. माझ्या तोंडात रामाचं नाव होतं, पण ते भक्तीनं नव्हतं, भीतीनं होतं. प्रेत कसं उचलायचं, कुणाला कळवायचं, हेच डोक्यात. जवळ गेलो. बाभळीच्या बुंध्याला टेकून तो बसला होता. अर्धा चेहरा खाली ओघळलेला, डावा हात मांडीवर मेल्यासारखा, काठी गुडघ्याखाली दबलेली.

आणि त्याचे डोळे आमच्याकडं वळले.

मी आजवर इतका कशानं हादरलो नाही. तो जिवंत होता. तो सगळा वेळ जागा होता. त्याच्या शेजारी उभा राहून मी त्याचं तोंड होतं त्या दिशेला बघितलं, तर समोर माझं तिकाटणं दिसत होतं.

सरांनी दोरी तोडून मासा सोडून दिला. आम्ही दोघांनी म्हाताऱ्याला उचललं, जरा पुढं मोसंबीच्या बागेतले दोन गडी धावून आले. गाडीत मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांच्या खिशातला फोन वाजत होता; मी उचलला तर पलीकडं त्यांचा मुलगा जावेद, त्याच्याकडून नाव-गाव कळलं. म्हातारा म्हणजे उस्मानचाचा, जवळच्याच गावचे शिंपी. घनसावंगीला डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की मेंदूचा झटका आहे, जल्दी जालन्याला न्या.

जालन्याच्या दवाखान्यात तपासणीनंतर डॉक्टरांनी एकच प्रश्न लावून धरला. हे शेवटचे धडधाकट कधी होते? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठरावीक तासांच्या आतच देता येतं, वेळ निघून गेल्यावर दिलं तर त्यानंच जीव जाऊ शकतो. जावेद मागून मोटारसायकलवर येऊन पोचला होता. त्याला एवढंच माहीत की अब्बा पहाटे फजरची नमाज पढून घरातून गेल्ते. तिथून मोजलं तर वेळ टळून गेली होती. डॉक्टरांनी मान हलवली. जावेद भिंतीला टेकला.

मला सांगता येत होतं की मी त्यांना उभं राहून दोरी फेकताना पाहिलंय. पण कधी? सात, आठ, नऊ? पाण्याकाठी मी घड्याळ बघत नाही. तेवढ्यात सर म्हणाले, "भाऊ, तो वाया गेलेला फोटो. पुसला का?"

पुसला नव्हता. कॅमेरा माझ्या गळ्यातच होता. धुराचा तो खांब, आणि खाली वेळ: आठ पस्तीस. डॉक्टरांनी फोटो मोठा केला. मी त्यांना दाखवलं की इथं ते उठले, इथं हात फिरला, दोन्ही हात. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का, ते त्यांनी स्वतःच्या मोबाइलशी लावून बघितलं. नंतरचे कोरलेले फोटो एकामागून एक बघितले आणि आत गेले. इंजेक्शन दिलं गेलं.

बदनापूरला परत येताना आम्ही वाटेत पिठलं-भाकरी मागवली. सरांची भाकरी तशीच राहिली. मी खाल्ली, पण चव कशाची होती ते आठवत नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही दोघं उस्मानचाचांच्या घरी गेलो. ओसरीत शिलाई यंत्र झाकून ठेवलेलं होतं. चाचा खाटेवर उशीला टेकून बसले होते. डावा हात अजून उचलत नाही, पण पाय टाकतात, आणि सावकाश बोलतात. जावेदनं चहा आणला. बराच वेळ सर आणि चाचा कणकेत हळद घालावी की नाही यावर वाद घालत होते. मग चाचांनी माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही त्या डब्याजवळ वाकून राह्यले होते," ते म्हणाले. प्रत्येक शब्दाला थांबत होते. "मला वाटलं, दिसलो. आता येतील." मग म्हणाले, "मंग पुन्हा वाकले."

मी दोन फोटो छापून नेले होते. एक तो सुंदर, दगडात कोरलेला. दुसरा वाया गेलेला. दोन्ही त्यांच्या पुढ्यात ठेवले. सुंदर फोटो त्यांनी बघितला आणि उजव्या हातानं पालथा केला. दुसऱ्यावर बोट ठेवलं, बाभळीखालच्या धुरावर.

"हा मी."

तो धुराचा फोटो आता आमच्या घरात देवघराशेजारच्या भिंतीवर आहे. बायकोनं विचारलं, यात माणूस कुठाय? मी बोट ठेवून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, दिसला. सुंदर फोटो कुठं आहे, असं काही जण विचारतात. तो आहे, पण कुणाला दाखवत नाही.

तुम्हीही त्या बाजूला जाणार असाल तर जरूर जा, हिवाळ्यातलं पाणी बघण्यासारखं असतं. आम्ही परवाच एका तलावावर गेल्तो. समोरच्या काठावर कुणीतरी बसलेलं होतं. मी कॅमेरा काढायच्या आधीच सर उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. पलीकडून हात वर यायला जरा वेळ लागला. तो येईपर्यंत सर तसेच उभे होते.