जावयाची डबी

दिगंबर महाजनला खोटं बोलणाऱ्या माणसांपेक्षा खोटं बोलणाऱ्या डब्यांचा राग जास्त. बुऱ्हाणपुरात इच्छापूर रस्त्याला त्याचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तिथं पंचवीस वर्षं त्याने पेट्रोलच्या गाड्यांना गॅस किट बसवले. गॅसवर गाडी पळवायची तर तिच्यातल्या कॉम्प्युटरला फसवावं लागतं. 'पेट्रोलच चाललंय बरं का' असं त्याला भासवणारी एक डबी तारांत घुसवावी लागते. अशा डब्या त्याने पोटासाठी बसवल्या, आणि त्यातल्या कितीतरी गाड्या नंतर त्याच्याच दारात ढकलत आल्या. "इंजिनाला खोटं सांगशील तर एक दिवस ते खरं बोलेल, आणि भर रस्त्यात बोलेल," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावायचा. गिऱ्हाईक हसायचं. हसणाऱ्यांचाही त्याला राग यायचा.

त्याची स्वतःची गाडी म्हणजे दोन हजार एक सालची पांढरी एस्टीम. ती गॅसवर असताना निंबोल्याच्या पुढं असीरच्या चढाला लागली की धापा टाकायची, आणि निंबोल्यातले भाऊबंद म्हणायचे, "दिगूची गाडी चढते ना, पण मागून दोन माणसं लागतात." हे ऐकून ऐकून त्याचं डोकं असं फिरलं, की त्याने गॅस किट काढून फेकला आणि गाडीला टर्बो बसवायचं ठरवलं. टर्बो आणला भंगारातल्या डिझेल गाडीचा. पाइप वाकवून दिले सायलेन्सरवाल्याने. तीन वर्षं, दर रविवारी, थोडं थोडं. इंजिन मात्र एकच होतं. त्या जातीचं दुसरं धड इंजिन आता भंगारातही सापडत नव्हतं, म्हणून चुकायला जागा नव्हती.

शेवटी अडलं ते कॉम्प्युटरवर. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्या हवेच्या मापाने पेट्रोल वाढवावं लागतं आणि ठिणगी जरा उशिरा पाडावी लागते. नाहीतर पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि पिस्टनवर घण बसतात. एस्टीमच्या जुन्या कॉम्प्युटरला ही जास्तीची हवा दिसतच नाही. मग उपाय दोन. एक तर पुन्हा डबीच लावायची, त्या जुन्या कॉम्प्युटरला फसवून पेट्रोल वाढवून घेणारी. ती स्वस्त. किंवा जुना कॉम्प्युटर काढून नवा घालायचा, जो स्वतः हवा मोजतो आणि ज्याला लॅपटॉप लावून सगळं शिकवता येतं. तो तयार विकत घ्यायचा तर उभ्या गाडीपेक्षा महाग.

हा पेच सोडवला त्याच्या मुलीने, तृप्तीने. तृप्तीने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. बापाच्या दुकानात तारा सोलत वाढलेली पोर. लग्न होऊन इंदूरला गेली, आणि तिथं नवऱ्याच्या कार डेकोरेशनच्या दुकानात बसून सीट कव्हरांची मापं लिहू लागली. काय शिकली आणि काय करते! दिगंबरला हे सलायचं, पण लेकीच्या सासरच्या गोष्टीत बापाने बोलू नये म्हणतात, म्हणून तो बोलत नसे. तिने मात्र वर्षभर दुपारच्या वेळात नव्या कॉम्प्युटरचा बोर्ड स्वतः जुळवला. सर्किटचा नकाशा इंटरनेटवर फुकट मिळाला, सुटे भाग मागवले, सोल्डरिंगचा एकेक डाग स्वतः दिला. फोनवर म्हणाली, "बाबा, मी आले की चार दिवस लागतील. तुम्ही चालवायची, मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसेन. एकेक आकडा भरू." तिच्या आवाजात लग्नाआधीचा उत्साह होता. दिगंबरने मे महिन्याच्या तारखांवर खुणा केल्या.

त्यातच आला अधिक महिना. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचं राज्य. एरवी दहावा ग्रह असलेला हा इसम त्या महिन्यात साक्षात नारायण होतो. त्याला जेवू घालायचं, वाण द्यायचं, आणि त्याचा शब्द म्हणून खाली पडू द्यायचा नाही. तृप्तीबरोबर तिचा नवरा रितेश आला तोच चकचकीत खोक्यात एक डबी घेऊन.

"मामा, तुमच्या टर्बोसाठी! इंदूरमधे सब लोक हीच लावतात. चार वायर, दस मिनट का काम."

दिगंबरने डबी हातात घेतली आणि त्याला क्षणात कळलं. तीच जात. वरचं प्लास्टिक तेवढं नवीन.

सगळे आमरसाला बसले होते. तृप्ती म्हणाली, "अरे पण ही फक्त पेट्रोल वाढवते. ठिणगी मागे कोण घेईल? त्यात पंचेचाळीस डिग्री गरमी. बाबा, माझा बोर्ड आणलाय ना मी. सांगा ना तुम्ही."

रितेश हसला. "हिचा बोर्ड! घर पे बनाया हुआ. मामा, तुम्ही इतके सीनियर आदमी, तुम्हीच बोला."

दिगंबरच्या बायकोने, विमलने, वाटी ठेवता ठेवता नवऱ्याकडे डोळे वटारले. आणि पंचवीस वर्षं गिऱ्हाइकांना तोंडावर सुनावणारा हा माणूस आपल्या लेकीला म्हणाला, "गप बस ना पोरी. जावईबापू बोलू राहिले ना."

कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच. चीड येते ती याची, की त्या घरात इंजिनातलं कळणारी दोनच माणसं होती, आणि एकाने दुसरीचं तोंड बंद केलं. कशासाठी? आमरसाच्या पंगतीत उंटावरच्या शहाण्याचं मन मोडू नये म्हणून!

संध्याकाळी रितेशने डबी बसवली. चालवायलाही अर्थात तोच बसला. दिगंबर शेजारी, तृप्ती मागे. निंबोल्यापर्यंत गाडी खरंच उडत गेली. मग चढ लागला, रितेशने पाय दाबला आणि बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखा आवाज आला. दिगंबरने तो ओळखला, पिस्टनवर घण बसत होते.

"बाबा, पाय काढायला सांगा!" तृप्ती मागून ओरडली.

"रितेशराव, जरा हळू घ्या ना," दिगंबर म्हणाला. असं म्हणाला, जणू रस वाढू का म्हणून विचारतोय.

"अभी तो मजा आ रहा है, मामा!"

पुढच्या वळणाला मागे धुराचा लोट उठला आणि गाडी मेली. केळी वाहणाऱ्या एका पिकअपने ती ओढत बुऱ्हाणपुरात आणली. रितेश वाटभर सांगत होता, "पेट्रोल में मिलावट होगी."

दुसऱ्या दिवशी धोंड्याचं जेवण होतं. दिगंबर पहाटे उठून दुकानात गेला, इंजिन उघडलं आणि तिसरा पिस्टन बाहेर काढला. त्याच्या मधोमध बोट जाईल एवढं भोक होतं. तीन वर्षांचे रविवार त्या भोकातून गेले होते. पिस्टन फडक्यात गुंडाळून तो तसाच काळ्या हातांनी घरी आला.

पाटावर रितेश बसला होता, समोर रांगोळी. विमलने तेहतीस अनारसे तबकात रचले होते आणि तांब्याचा दिवा लावला होता. दिगंबरने अनारशांच्या मधोमध पिस्टन ठेवला.

"जावईबापू, शास्त्र सांगतं, जाळीची, भोकाची वस्तू द्यावी. हे चौतिसावं. घ्या."

"अहो!" विमल किंचाळली. "सणासुदीला काय करू राहिले तुम्ही?"

"काय करू राहिलो? पंचवीस वर्षं जे लोकांना सांगितलं तेच सांगू राहिलो! पेट्रोलात मिलावट नव्हती, रितेशराव. मिलावट तुमच्या डबीत होती. इंजिनातलं तुम्हाला ढेकळं कळत नाही, आणि माझ्या पोरीला तुम्ही हसले!"

रितेशचा चेहरा पडला. दिगंबरला बऱ्याच महिन्यांनी छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. त्याने अभिमानाने तृप्तीकडे पाहिलं. त्याला वाटलं, पोर खूश होईल.

तृप्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "यांना माहीत नव्हतं, बाबा. तुम्हाला माहीत होतं."

ती दारातून पुढे आली.

"यांनी पाय दाबला, कारण यांना तो आवाज ओळखता येत नाही. तुम्हाला येतो. तुम्हीच शिकवलाय मला. इंजिन फुटल्यावर तुम्हाला कंठ फुटला. मला गप बसवलं, तेव्हा काहून नाही फुटला?"

दिगंबरने तोंड उघडलं. 'अगं, जावई आहेत ते' हे शब्द जिभेवर आले आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. सगळ्या रागाचं तोंड गर्रकन फिरून त्याच्यावरच आलं. खोटं सांगणारी डबी म्हणून तो ज्या वस्तूला शिव्या देत होता, काल आमरसाच्या पंगतीत जावयाला 'तुमचंच बरोबर' असं भासवून तेच काम त्याने स्वतः केलं होतं, आणि तेही फुकट.

"चूक माझी झाली," तो म्हणाला. त्याने आधी रितेशकडे, मग विमलकडे बघून पुन्हा मोठ्याने सांगितलं. "चूक माझी. पोरगी बरोबर होती, आणि मला ते माहीत होतं." मग तृप्तीला म्हणाला, "तो बोर्ड देशील?"

"बोर्ड नाही देणार," तृप्ती म्हणाली. "नवा पिस्टन घालून इंजिन उभं करा. मग मी येईन आणि मीच बसवीन. आणि चढावर गाडी मी चालवीन, लॅपटॉप तुम्ही धरा."

"मला लॅपटॉप कुठं येतो, तृप्ती?"

"मग शिका," ती म्हणाली आणि आत पोळ्या लाटायला गेली.