पाठ टेकवायची विद्या

पुण्यात आल्यानंतरच्या पहिल्या आठ महिन्यांत मला कुणी हात लावल्याचं आठवत नाही. म्हणजे बसमध्ये धक्के बसायचे, महिन्यातून एकदा न्हावी मान वाकवायचा, तेवढंच. भंडाऱ्याच्या घरात आम्ही सहाजण दोन खोल्यांत राहायचो आणि झोपेतसुद्धा कुणाचा ना कुणाचा पाय अंगावर असायचा. हिंजवडीच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून असलेले माझे वडील विहारात जाऊन पेढे वाटून आले. इथं आल्यावर मला कळलं की मला एकट्यानं झोपताच येत नाही.

कंपनीत माझं काम होतं दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. त्यामुळे माझ्याशी बोलायला येणारा माणूस बहुतेक वेळा आधीच वैतागलेला असायचा. पहिल्याच आठवड्यात मी कुणाला तरी ‘चेक करून राहिलो ना’ असं म्हणालो आणि ते वाक्य दोन दिवस सगळ्या मजल्यावर फिरलं. मग मी इंग्रजीत बोलायला लागलो. इंग्रजी फारशी येत नसल्यामुळे हळूहळू बोलणंच कमी झालं.

खोली धायरीत होती, ऑफिसपासून दीड तासावर. घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “पाणी सहा ते सात. त्यानंतर आंघोळ करायची असेल तर खडकवासल्याला धरण आहे.” आमच्यात झालेलं हेच सर्वांत मोठं संभाषण.

एका रविवारी सकाळी दूध आणायला निघालो असताना गेट आणि ग्रिल बनवणाऱ्या एका शेडमधून धप्प, धप्प असा आवाज ऐकू आला. लोखंडाचा नव्हता, माणसाचा होता. मी आत डोकावलो. शेडच्या मालकाला टीव्हीवरच्या कुस्त्यांचं वेड होतं आणि त्यानं स्वतःच्या हातानं एक रिंग बनवली होती. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर प्लायवूड, वर पातळ फोम, त्यावर ताडपत्री. दोऱ्यांच्या जागी रबरी पाइप चढवलेल्या तारा. पाच-सहा जण ओळीनं उभे राहून एकेक करून पाठीवर पडत होते. त्यांना पाडणारा माणूस साठीच्या पुढचा, कान मोडलेला, स्वच्छ पांढऱ्या लेंग्यातला होता. सगळे त्यांना वस्ताद म्हणत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बघायला आलात, की पडायला?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“मग चपला काढा. कळेल.”

त्या दिवशी मी चाळीस वेळा पडलो. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, पाठीचा वरचा भाग आधी टेकवायचा आणि त्याच क्षणी दोन्ही तळहात जमिनीवर आपटायचे. डोकं टेकलं तर वस्ताद काठीनं खांद्यावर टोचायचे. कसबा पेठेतल्या एका तालमीत त्यांनी तीस वर्षं पोरांना कुस्ती शिकवली होती. ती पोरं एकेक करून यंत्रांच्या जिममध्ये गेली आणि तालीम ओस पडली. “तीस वर्षं एकच शिकवलं,” ते म्हणायचे, “पाठ मातीला लागू द्यायची नाही. आता म्हातारपणी पाठ कशी लावायची ते शिकवतोय. चांगलंय.” पेठेतले जुने लोक याला नुरा कुस्ती म्हणायचे, म्हणजे आधीच ठरवून लढलेली, आणि वस्तादांशी बोलत नव्हते. ते ऐकून सोडून द्यायचे, निदान तसं दाखवायचे.

माझी जोडी लागली कात्रजच्या एका दूधवाल्याशी. तो पहाटे दुधाचे कॅन चढवायचा-उतरवायचा आणि दुपारी शेडवर यायचा. माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा, मानेला बैलासारखा. मला उचलून खांद्यावरून टाकताना तो आधी हलकेच माझ्या कमरेला दाबायचा. तो इशारा असायचा. मग मी उडी मारायची, आणि लोकांना वाटायचं की त्यानंच एका झटक्यात उचललं. या धंद्यात पडणारा माणूस पाडणाऱ्याला मोठा करतो, आणि पाडणारा पडणाऱ्याची मान सांभाळतो. हे दोघांपैकी एकजण जरी विसरला तरी कुणीतरी दवाखान्यात जातं.

आम्ही कुस्ती चालू असताना बोलायचो. हे लोकांना कळत नाही. मला मानेत पकडून तो गुरगुरल्यासारखं करायचा आणि कानात म्हणायचा, “आता डावीकडं. बरा हायस ना?” मी ओरडायचं सोंग करत म्हणायचो, “बरा आहे.” कित्येक आठवडे असे गेले की मला ‘बरा आहेस ना’ असं विचारणारा तोच एक माणूस होता. रविवारी आई फोन करायची, पण ती विचारायची, “जेवला का तू?” आणि मी हो म्हणालो की तिला सगळं कळल्यासारखं वाटायचं. घरी मी कुस्तीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

माझं सोंग शेडच्या मालकानं ठरवलं. “तू कंप्युटरवालाच हो,” तो म्हणाला. त्या वर्षांत धायरीची शेतं एकेक करून प्लॉट होत होती. बाहेरगावचे आमच्यासारखे लोक येत होते, आणि गावातल्या लोकांच्या मनात आमच्याबद्दल काय होतं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. मी टाय लावून, गळ्यात ओळखपत्र अडकवून, लॅपटॉपची बॅग घेऊन रिंगमध्ये यायचो आणि माइकवर इंग्रजीत म्हणायचो की तुम्ही सगळे अडाणी आहात. लोक पेटून उठायचे. मग दूधवाला यायचा, खांद्यावर ॲल्युमिनियमचा कॅन घेऊन, आणि टाळ्यांनी मैदान भरून जायचं. मी खोटेपणा करायचो, बॅगेनं मारायचो, पंचाच्या पाठीमागे डोळ्यांत बोटं घालायचो. पंच वस्तादच असायचे. शेवटी तो मला उचलून आपटायचा, आणि सगळं गाव वस्तादांबरोबर मोजायचं, एक, दोन, तीन.

जत्रा, नवरात्र, सोसायट्यांचे वर्धापनदिन, नव्या दुकानांची उद्घाटनं. प्रत्येकाला काहीतरी वेगळं हवं होतं आणि आम्ही वेगळे होतो. दोन वर्षांत मी दीडशेच्या आसपास कुस्त्या हरलो. मंडईतली भाजीवाली मावशी मला बघून हसायची. “काय रं कंप्युटर, लई लागलं का काल?” घरमालकीणबाईसुद्धा एकदा म्हणाल्या, “पडता छान तुम्ही.” या शहरात मला ओळखणारी माणसं अशी तयार झाली. ती सगळी माझ्या विरुद्ध होती, पण ओळखत होती.

दूधवाल्याची मुलगी प्रत्येक कुस्तीला यायची. सात वर्षांची, दोन वेण्या, पहिल्या रांगेत. माझ्याकडे ती इतक्या रागानं बघायची की मला हसू आवरावं लागायचं. कुस्ती संपली की ती बापाचा हात धरून मैदानाला एक चक्कर मारायची. तिला वाटायचं की तिचे पप्पा आजवर एकदाही हरले नाहीत. आणि ते खरंच होतं.

मग हिंजवडीतल्या एका कंपनीच्या वार्षिक मेळाव्याचं बोलावणं आलं. माझी कंपनी नव्हती, दुसरी होती. दुपारची वेळ, हिरवळ, मुलांसाठी हवा भरलेला मोठा किल्ला, आइस्क्रीम. दूधवाल्यानं मुलीला नवीन फ्रॉक घालून आणलं होतं. कुस्तीच्या अर्धा तास आधी त्या कंपनीचा एक तरुण अधिकारी आमच्याकडे आला. हसतमुख होता. म्हणाला, “एक छोटा बदल करू या का? इथं सगळे इंजिनिअर्स आहेत. इंजिनिअर जिंकला तर पब्लिकला मजा येईल.”

शेडच्या मालकानं दूधवाल्याकडे पाहिलं. वस्तादांनी दुसरीकडे पाहिलं.

“माझं काय,” दूधवाला म्हणाला. “पडायचं तर पडू. कामच हाय ते.”

मी त्या वेळी म्हणायला हवं होतं की मुलगी आलीय. माझ्या मनात ते आलंही. पण त्याच वेळी दुसरंही काहीतरी आलं. ते असं की आज पहिल्यांदा मी जिंकणार, आणि तेही माझ्यासारख्या माणसांसमोर.

मी टाय लावून रिंगमध्ये गेलो तर लोक उभे राहून ओरडायला लागले. माझ्यासाठी. मी इंग्रजीत तेच बोललो जे धायरीत बोलायचो, आणि तिथं त्यावर हशा पिकला. दूधवाला कॅन घेऊन आला तेव्हा कुणीतरी मागून ओरडलं, “ए भैया, अर्धा लिटर!” मग सगळ्यांनी तेच सुरू केलं. तो रिंगमध्ये चढला, मला मानेत धरलं आणि कानात म्हणाला, “चालू दे. चांगलं चाललंय.” त्याच्यासारखा पडणारा मी नंतर पाहिला नाही. त्यानं मला इतकं मोठं केलं की शेवटी मी त्याला उचललं तेव्हा मला स्वतःलाच खरं वाटलं. वस्तादांनी तीन मोजलं. त्यांचा हात ताडपत्रीवर नेहमीपेक्षा हळू पडला.

मी हात वर करून उभा होतो तेव्हा मला मुलगी दिसली. ती रडत नव्हती, नव्या फ्रॉकचा घेर मुठीत धरून उभी होती. तिच्या मागे ते ‘अर्धा लिटर’ अजून चालूच होतं.

दूधवाला आडवाच होता. नियमच तसा होता, हरलेल्यानं लगेच उठायचं नाही. मी खाली उतरलो, तिच्यासमोर गुडघ्यावर बसलो. मला तिला समजवायचं होतं. मी म्हणालो, “अगं, घाबरू नको. पप्पांना काही लागलं नाही. हे सगळं खोटं असतं. आधीच ठरलेलं असतं कोण जिंकणार.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “नेहमी?”

“हो, नेहमी,” मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मला कळलं मी काय केलं ते.

दूधवाला तिच्या मागे येऊन उभा होता. त्यानं ते ऐकलं होतं. मुलीला कडेवर घेतलं आणि कॅन उचलून गाडीकडे गेला. त्या दिवशी त्यांनी मैदानाला चक्कर मारली नाही.

पुढच्या रविवारी तो शेडवर आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी पहाटेची बस धरून कात्रजला गेलो. तो एका गल्लीत कॅन उतरवत होता. मला बघून थांबला आणि हात पुसले.

“या,” तो म्हणाला. “कसं काय येणं केलंत?”

दोन वर्षं तो मला अरे-तुरे करत होता. त्या एका ‘केलंत’नं मला सगळं सांगून टाकलं. तरी मी म्हणालो, “चुकलं माझं. तिला तसं बघून मी घाबरलो होतो.”

“तुमचं काय चुकलं? खरं तेच बोललात.” त्यानं एक कॅन खाली ठेवला. “पोरगी रोज विचारते. पप्पा, जत्रेतली पण खोटी होती का? गणपतीतली पण? मी आता तिला काय सांगू, तुम्हीच सांगा. हरलो ते खोटं म्हणावं, तर जिंकलो तेबी खोटं. जिंकलो ते खरं म्हणावं, तर त्या दिवशी सगळी हसत हुती तेबी खरं.”

त्याच्या घरी चहाला बोलावतो का म्हणून मी थोडा वेळ उभा राहिलो. तो म्हणाला, “गाडी लांबवर जायचीय,” आणि निघून गेला.

तिथून मी थेट कसबा पेठेत गेलो. वस्ताद तालमीतच सापडले. आत कुणी नव्हतं. ते एकटे फावड्यानं लाल माती वरखाली करत होते, रोज करायचे म्हणे, कुणी उतरो न उतरो. मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, फावडं थांबलं नाही.

“तुम्हाला वाटतं, पोरीला सांगितलंत ते चुकलं,” ते म्हणाले. “ते नंतरचं. आधी त्याला वाचवायचं होतं. समोरचा पडतोय तेव्हा आपला हात त्याच्या मानेखाली पाहिजे. तुमचा हात वर होता. टाळ्या घेत होता.”

मग त्यांनी विचारलं, “जेवलात का?” आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच्या डब्यातली एक भाकरी मला दिली. आम्ही दोघं मातीच्या कडेला बसून जेवलो. त्या मोठ्या रिकाम्या खोलीत वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं आणि बाहेर तांबटांची ठोकठोक चालली होती. वस्ताद शेडवर पोटासाठी येतात असं आम्ही सगळे समजत होतो. त्या दुपारी मला कळलं की त्यांना फक्त हात लावायला माणसं हवी होती.

मी आणखी चार-पाच कुस्त्या केल्या, दुसऱ्या एका मुलाबरोबर. तो चांगला होता, पण कुस्तीत बोलायचा नाही. मग शेडची जागा बिल्डरनं घेतली. रिंग उकलून मालकानं त्या अँगलचे जिने केले. त्याच सुमारास कंपनीनं मला वर्षभरासाठी परदेशी पाठवलं. परत आलो तोपर्यंत वस्ताद गेले होते. तालमीच्या दारावर त्यांचा फोटो लावला होता, आणि ज्या लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं त्यांनीच तो लावला होता.

आता मी कोथरूडला राहतो. पाठ दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी एक्स-रे उजेडात धरून विचारलं, “ॲक्सिडेंट झाला होता का कधी?” मी म्हणालो, “नाही, कुस्ती खेळायचो.” ते खूश झाले. “अरे वा! किती जिंकल्या?”

“एक,” मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी विनम्रपणे बोलतोय.