इटलीच्या ड्रायव्हरचं शेवटचं पान

लग्नाच्या पहिल्या वर्षी शेंगदाण्याच्या पुड्यावर मला एक पुरुष भेटला. इटलीचा. तोंडाला ग्रीस, कपाळावर चष्मा, बसलेला लाल मोटारीत. जुन्या मराठी मासिकाचं पान होतं ते. सुताराचा हा पोरगा आधी फटफटीच्या शर्यती जिंकला, मग मोटारींच्या. डोंगरातल्या वळणावर म्हणे ब्रेकला पाय लावत नसे. ‘आणि त्या वर्षीच्या शेवटच्या शर्यतीत’ इथं पान संपलं. पुढचं पान कुणाच्या घरी डाळ घेऊन गेलं, देव जाणे.

मी एकोणीस वर्षांची, अक्कल शेंगदाण्याएवढी. पान माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं आणि नवऱ्याला त्याच्याशी ताडून बघायला लागले. नवरा एसटीचा ड्रायव्हर, नांदेड-लातूर. लोहा गावापुढं बैलगाडी आडवी आली तर हॉर्नसुद्धा दबकत वाजवायचा. एकदा त्याच्या मागच्या सीटवरून मी साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलले, की इटलीवाला असता तर एव्हाना लातूर मागं पडलं असतं.

तो आरशातून बघत म्हणाला, “त्याच्या मोटारीत एकच सीट हाय. माझ्या मागं पन्नास माणसं बसून राहिलीत. त्यात तू.”

पन्नासांत मला मोजलं म्हणून मी आठ दिवस फुगून बसले. एवढी शहाणी.

मग फर्मान काढलं. लातूरला गाडी दोन तास थांबते, तेवढ्यात गंजगोलाईच्या बाजारातल्या रद्दीवाल्यांकडं तो अंक शोधायचा. मला शेवट पाहिजे. तो परत आला की जेवणाचा डबा हातातून घ्यायच्या आधी मी विचारायची.

“न्हाई सापडला.”

निवृत्तीपर्यंत हेच उत्तर. एवढंसं काम होत न्हाई म्हणून मी टोमणे मारायची, आणि मनातल्या मनात इटलीवाल्याला म्हातारा करून द्राक्षाच्या मळ्यात बसवायची.

नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली. परवा लातूरची लेक म्हणाली, नांदेडचं घर बंद कर नि माझ्याकडं ये. आवरताना त्याची ड्युटीची पत्र्याची पेटी उघडली. खाकी शर्टाखाली तो अंक, पूर्ण. शेवटच्या पानाशी खूण म्हणून लेकीच्या जन्माच्या वेळचा रजेचा अर्ज. म्हणजे लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सापडला होता.

इटलीवाला वळणावरच गेला होता. त्याची बायको शेवटच्या रेषेपाशी थर्मास घेऊन उभी. बाकीच्यांच्या मोटारी एकेक करून येत राहिल्या.

ड्रायव्हरांच्या घरांत अपघाताचा विषय काढत नाहीत. तसली बातमी असलेला पेपर आमच्याकडं उशीखाली जायचा. आणि गाडीला उशीर झाला की मी दारात उभी असायची, हे त्यानं दर वेळी बघितलेलं.

लेकीला कळवलं, पुढच्या महिन्यात बघू. इतकी वर्षं खोटं बोलला म्हणून मला भांडायचंय, आणि आमची भांडणं याच दारात व्हायची. संध्याकाळी साडेसहाला, त्याच्या यायच्या वेळी, मी अजून तिथं जाऊन उभी राहते. लातूरची गाडी स्टँडला लागते. माणसं आपापल्या घरी जातात.