छताकडे बघायचा नियम

आमच्या वर्गात एक नियम होता आणि तो मुलांसाठी नव्हता, माझ्यासाठी होता. बाहेर गेल्यावर कुणी मुलांना सोडून मला काही विचारलं, तर मी छताकडे बघायचं. छत नसेल तर आभाळाकडे. "हिला काय पाहिजे?" असं कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्यानं विचारलं, की मी मान वर करून त्याचा पंखा बघत उभी राहायची. त्याला पहिल्यांदा वाटलं, ही बाई बहिरी तरी आहे नाहीतर शिष्ट तरी. शेवटी झक मारून तो मुलीकडे वळायचा आणि मग मुलगी सांगायची, पेन पाहिजे, निळं, दोन.

उस्मानपुऱ्यात एका पिठाच्या गिरणीच्या वर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. ज्यांना सगळं जरा उशिरा कळतं, आणि म्हणून शाळेनं ज्यांचा नाद सोडला, अशी मुलंमुली तिथं शिवण शिकतात, कागदी पिशव्या करतात. दुपारचा एक तास माझा. स्वतःची बाजू स्वतः मांडायला शिकवायचा. वरून आलेल्या पुस्तिकेत त्याला 'स्वयं-वकालत' म्हटलं होतं. ते ऐकून एकानं काळा कोट कधी मिळणार म्हणून विचारलं. मी ते नाव खोडलं आणि 'आपलं आपण' असं लिहिलं. फळ्यावर तीन वाक्यं कायमची असायची: माझ्याबद्दल मला विचारा. समजलं नाही, परत सांगा. मला हे नको. खाली गिरणी सुरू असली की शेजारच्याचंही ऐकू यायचं नाही, त्यामुळे आमची मुलं ही वाक्यं ओरडूनच शिकली.

त्यातलीच एक मुलगी कन्नड गावची. वडील गाद्या भरतात, आई घरी शिवणकाम करते. सोळाव्या वर्षी आली तेव्हा आईच्या बुरख्याला धरून मागं उभी होती. नाव विचारलं तरी आईच सांगायची. पहिलं वाक्य तिच्या तोंडून यायला दीड वर्ष लागलं. एका दुपारी आई भेटायला आली होती आणि मी आईला विचारत होते, हिला डब्यात काय आवडतं. तेवढ्यात ही मधेच ओरडली, "माझ्याबद्दल मला विचारा!" आई दचकली. मग हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसत राहिली. त्या दिवशी मी जरा फुगलेच होते, खोटं कशाला बोलू.

ती पडेगावच्या एका वसतिगृहात राहायची. तिथं तिला लोखंडी कपाटाचा एक कप्पा मिळाला होता, त्याची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून ती गळ्यात घालायची. कन्नडच्या घरी पाच माणसांत एक कपाट, त्यामुळे किल्लीचं तिला फार अप्रूप. सकाळी पडेगावहून एकटी बसनं यायची, संध्याकाळी एकटी जायची. पण वसतिगृहाचा नियम असा, की अपंगत्वाच्या दाखल्यावर चाळीस टक्के तरी पाहिजेत. तिचा दाखला लहानपणीचा होता. अठरा पूर्ण झाली आणि पुन्हा तपासणीचा दिवस आला.

सरकारी दवाखान्यातल्या बाकावर आम्ही तिघी बसलो होतो. आई माझ्या कानाशी आली.

"मॅडम, आज तेवढी तिला गप राहायला सांगा. लई चांगलं बोलली तर कागद जाईल."

"खोटं कशाला? ती आहे तशी दिसू दे," मी म्हणाले.

"तुम्ही शिकलेल्या. मला आपली फिकीर लागती."

ह्या बायकांना अजून किती वर्षं समजावायचं, असं मनात आलं, एवढं आठवतं.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. ठोकळे जुळवून घेतले, आकडे उलटे म्हणवून घेतले, ते हिला फारसं जमलं नाही. मग रोजच्या जगण्याचे प्रश्न सुरू झाले. ते तिनं आईला विचारले. वेणी स्वतः घालते का? आई म्हणाली, "नाय हो." बसनं एकटी येते? "छे, तिला काय कळतंय." डॉक्टरणीनं माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही शिकवता ना? तुम्ही सांगा."

मी छताकडे बघितलं.

"माझ्याबद्दल मला विचारा," ती म्हणाली. न ओरडता, नीट. "वेणी मी घालते. बसनं मी एकटी येते. माझ्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असते." आणि दोरा वर ओढून तिनं किल्ली दाखवली.

डॉक्टरणीला फार कौतुक वाटलं. शाबास म्हणाली. आणि लिहीत गेली.

दाखला आला त्या दिवशी तो घेऊन ती वर्गात आली. "मॅडम, पंचवीस. पास झाले?"

तिच्याकडे बघून मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं. मी कागद घेतला, पाठपोट बघितला, परत दिला, आणि हजेरी घेतली. दुपारी डबा खाल्ला. मेथीची भाजी होती. त्यानंतर कितीतरी दिवस मी अशीच होते, सुई दिलेल्या हिरडीसारखी. दात आहे हे कळतं, बाकी काही नाही.

डॉक्टरणीची चूक नव्हती. तिनं ऐकलं ते लिहिलं. पण बस दुसऱ्या रस्त्यानं वळवली की ही पोरगी रस्त्यात उभी राहून रडते, हे कुठं लिहायचं? सुट्टे पैसे कमी दिले तर तिला कळत नाही, कुणी गोड बोललं तर ती त्याच्यामागं चालू लागेल, हे कुठं? त्या कागदावर येतं आणि येत नाही, एवढीच सोय होती. 'येतं, पण' याला रकाना नव्हता. हे मला माहीत होतं. इतकी वर्षं ह्या कामात घालवून मला माहीत नसेल असं नाही. आईला नुसतं ऐकून कळलं होतं आणि मी पंखा बघत बसले.

वसतिगृहाच्या बाईंनी तीन महिने मुदत दिली. तोवर नवा दाखला, नाहीतर कप्पा रिकामा करायचा आणि कन्नडला जायचं. आम्ही फेरतपासणीचा अर्ज केला. अर्ज मीच लिहिला. तिचा अंगठा नाही, सही घेतली. ती सहीही तिला मीच शिकवली होती.

मग मी तिला गप राहायला शिकवलं.

सगळे गेल्यावर, त्याच खोलीत, त्याच फळ्यासमोर. मी डॉक्टरीण व्हायची. वेणी स्वतः घालतेस का?

"घालते."

"नाही. काही बोलायचं नाही."

"पण घालते ना मॅडम."

"घालतेस. पण बोलायचं नाही."

"खोटं?"

"खोटं नाही. नुसतं गप."

दोनदा ती रडली. एकदा मला म्हणाली, "मला हे नको." तिसरं वाक्य. मी म्हणाले, "किल्ली पाहिजे ना?" तिनं दोरा मुठीत धरला आणि पुन्हा खुर्चीवर बसली. तरी प्रश्न विचारला की ओठ हलायचेच. माणूस समोर बघत असलं की तिला बोलल्याशिवाय राहवत नव्हतं.

"मग मी कुठं बघू?" तिनं विचारलं.

"वर बघ," मी म्हणाले. "मी बघते तसं."

ते तिला पटकन जमलं. बोलायला दीड वर्ष लागलं होतं, गप व्हायला पंधरा दिवस पुरले.

फेरतपासणीला तीन डॉक्टर होते. त्यातले एक वयस्कर, चांगले होते. त्यांनी आईला हातानं थांबवलं आणि तिलाच विचारलं, "बेटा, बसनं एकटी येतेस का?" इतक्या वर्षांत असं आपणहून तिलाच विचारणारा पहिलाच माणूस. तिनं छताकडे बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी सावकाश. तिनं मान खाली घेतली नाही. मग ते माझ्याकडे वळले आणि मी सगळं सांगितलं. बस, सुट्टे पैसे, गोड बोलणारी माणसं. एकही शब्द खोटा नव्हता.

दाखल्यावर पन्नास आले. आईनं पेढे आणले आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुमच्यामुळं झालं मॅडम." मी पेढा खाल्ला. किल्ली तिच्या गळ्यात राहिली.

पुढच्या आठवड्यात मी नेहमीसारखं मुलांना कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं. स्टेशनरीवाला आता आमच्यात मुरलाय, मला काही विचारत नाही. तो काउंटरवर वाकून तिलाच म्हणाला, "बोला ताई, काय देऊ?"

तिनं मान वर केली. पंखा बंद होता, ती त्याच्याकडे बघत राहिली. मागं मुलं थांबली होती. स्टेशनरीवाल्यानं जरा वाट बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"पेन द्या," मी म्हणाले. "निळं. दोन."