मेहकरच्या नाटकाचे प्रॉम्प्टर

मेहकरच्या तहसिलीत लक्ष्मीकांतराव नकला करायचे, म्हणजे इतरांनी लिहिलेलं पुन्हा लिहायचे. तिथे त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. घरीही चहा हवा असला, तर ते नुसतं शरयूबाईंकडे बघत. पण उन्हाळ्याची सुटी लागली की शाळेच्या अंगणात नाटक व्हायचं, आणि बावीस वर्षं त्याचे प्रॉम्प्टर लक्ष्मीकांतराव. पडद्यामागे बसून ते असं सांगायचे की प्रत्येक वाक्य गावाला दोनदा ऐकू यायचं. आधी त्यांच्या तोंडून, मग राजाच्या.

राजा नेहमी वाहेद शिंपी. अभिनयासाठी नव्हे, जरीचा अंगरखा त्याने शिवलेला, आणि दुसऱ्या कुणाच्या अंगात तो त्याला बघवत नसे. पाठांतर त्याने जन्मात केलं नाही. "भाऊ हायेत ना आत," म्हणायचा.

गेल्या साली ऐन युद्धात वाहेद अडकला आणि पडद्यामागून गर्जना झाली, "अबे हेल्या, पुढं बोल ना!" पोरांना नाटकातलं तेवढंच, राजाला रेडा म्हटलेलं, लक्षात राहिलं. चार महिने ती मास्तरांना, पाहुण्यांना, एकदा तर आरतीत अडखळलेल्या पुजाऱ्याला तेच ऐकवत होती.

म्हणून यंदा हेडमास्तर नारायणरावांनी फर्मान काढलं. "बायामाणसं, लेकरं येतात. नाटक सहकुटुंब पाहण्याजोगं पाहिजे. प्रॉम्प्टर नको."

"मग मी काय करू?" लक्ष्मीकांतरावांनी विचारलं.

"प्रेक्षकांत बसा."

वर्षातून तीन तास लोक त्यांचं ऐकायचे. तेही गेले.

दिवेलागणीला बत्त्या पेटल्या. लक्ष्मीकांतराव पुढच्या सतरंजीवर ओठ आवळून बसले. दोरीपलीकडे, बायकांत, शरयूबाई.

वाहेदने तलवार उपसली. "प्रधानजी! आजपासून या राज्यात..." आणि थांबला. राज्यात काय होणार होतं, ते कुणालाच कळेना. नारायणराव विंगेतून कुजबुजले. पण तीस वर्षांच्या खडूने खाल्लेला घसा, त्यांचं त्यांनाही ऐकू गेलं नसेल.

"सांगा ना हो," शरयूबाई दोरीवरून वाकल्या.

"मी प्रेक्षक आहे."

वाहेद तलवारीसकट रंगमंचाच्या कडेला आला. "लक्ष्मीकांतभाऊ, राग मंग काढजा. काय म्हनाचं ते सांगा, अंगरख्यात लय उकडून राह्यलं!"

लोक खदखदून हसले. मागून पोरांनी एका सुरात आरोळी ठोकली, "अबे हेल्या, पुढं बोल ना!"

नारायणराव घाम पुसत खाली आले. "चला आत, लक्ष्मीकांतराव."

"आत नाही." बावीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. "स्टेजवर खुर्ची पाहिजे. कोण सांगतं ते लोकांना दिसू दे."

खुर्ची आली. सिंहासनाशेजारी धोतर-टोपीतले लक्ष्मीकांतराव वही उघडून बसले. समोर सगळं मेहकर त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाज आला तो मांजराच्या पिलाचा.

"मोठ्यानं, भाऊ!" वाहेद काकुळतीला आला.

पुन्हा तोंड उघडलं. या वेळी पिलूही नाही. शरयूबाईंनी डोळे मिटून घेतले.

शेवटी ते उठले. कुणाकडे न बघता खुर्ची स्वतःच उचलली आणि पडद्यामागे नेली. मग असा आवाज आला की बत्तीची काच हादरली, "आजपासून या राज्यात कुणी उपाशी झोपणार नाही! म्हण बे!"

"आजपासून या राज्यात कुणी उपाशी झोपणार नाही! म्हण बे!" वाहेद आनंदाने ओरडला, आणि प्रधान बिचारा खरंच म्हणाला.

नाटक दणक्यात झालं. तिसऱ्या अंकात पडद्यामागून वाहेदच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. आयांनी पोरांचे कान झाकायची शिकस्त केली; पण एकेकीला लेकरं चार-चार, आणि हात दोनच.